काकूंनी न उचललेले फोन

सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेलचं ते घर आठवलं की मला आधी डबे ऐकू येतात. दोन पुडांचे स्टीलचे चार डबे एकमेकांवर आपटत जिना चढायचे, आणि त्यांच्या मागून प्रमोदकाकांची धाप. आम्ही चार पोरं, दोन खोल्या, कुणीतरी रस्त्याकडेला टाकून दिलेला एक सोफा, आणि खिडकीबाहेर ती भुरभुर, जिला तिथले लोक पाऊस म्हणायलाही तयार नसतात. छत्री उघडली की बघून हसतात. मी एमएस करायला आलो होतो, पण पहिला दीड महिना मी खरं शिकलो ते एवढंच, की संध्याकाळी सहा वाजता खाली निळी व्हॅन थांबते आणि तिच्यात वैशालीकाकूंच्या हातची पाटोडी असते. काकू वर्ध्याच्या. रस्सा असा, की निखिल, म्हणजे माझा पुण्याचा रूममेट, पहिल्या घासाला नाक पुसायचा आणि दुसऱ्या घासाला म्हणायचा, "तिखट आहे, पण सोसेल." आपला डबा कुठला ते कळावं म्हणून काकूंच्या ऋचानं, ती तेव्हा अकरा वर्षांची, झाकणावर नेलपॉलिशचे ठिपके काढले होते. माझे तीन, हिरवे.

मी नकलाकार. आता सांगताना लाज वाटते, पण तेव्हा माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच. इंग्रजी करमाळ्याच्या हायस्कुलात शिकलेलं, कपडे सोलापूरच्या सेलमधले, आणि वर्गात तोंड उघडलं की प्रोफेसर "पार्डन?" म्हणायचा. पण दुसऱ्याचा आवाज काढला की सगळे माझ्याकडे बघायचे. सातवीत असताना मी हेडसरांच्या आवाजात शाळेच्या स्पीकरवरून अर्ध्या दिवसाची सुट्टी जाहीर केली होती, आणि दोन वर्ग खरंच घरी गेले होते. पाच छड्या पडल्या, पण हेडसर मारता मारता हसत होते हे मी पाहिलं होतं. तीच माझी चूक झाली. हसवलं की सुटतो, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं ते तेव्हापासून.

काकूंचीही नक्कल मी करायचो, त्यांच्यासमोरच. "काय करून राहिला रे संतोष, जेवून घे नं बाप्पा." त्या पोट धरून हसायच्या आणि म्हणायच्या, अजून एकदा कर. परदेशात आपला आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकला की माहेरी गेल्यासारखं वाटतं, असं त्या एकदा म्हणाल्या होत्या.

त्या डब्यांमागची गोष्ट आम्हां चौघांनाही माहीत होती. काकांची नोकरी गेली होती. त्यांच्या व्हिसावर नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर बाडबिस्तरा उचलायचा. काकू त्यांच्या व्हिसावर बायको म्हणून आलेल्या, म्हणजे त्यांना कमवायची परवानगीच नाही. अकरा पोरांना डबे देणं कागदावर गुन्हाच होता. हे कुणी बोलत नव्हतं. आम्ही पाकीट रिकाम्या डब्यात ठेवायचो आणि काकू ते न बघितल्यासारखं करायच्या.

तो रविवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. पोहे झाले होते, भुरभुर चालू होती, बाहेर जायला गाडी नव्हती. मी विमानतळावरच्या साहेबाची नक्कल करत होतो. तोच, ज्यानं मला उतरल्या उतरल्या पाऊण तास उभं करून माझ्या आईच्या चटणीची बाटली उजेडात धरून बघितली होती. त्याचा आवाज मी फार मेहनतीनं बसवला होता. तो ओरडत नसे. सपाट बोलायचा, वाक्य संपल्यावर थांबायचा, आणि त्या थांबण्यातच घाम फुटायचा. निखिल म्हणाला, "यार, हा आवाज वाया चाललाय. कुणाला तरी फोन लाव." कुणाला, हे कुणी सुचवलं ते मला आठवत नाही. म्हणजे आठवतं. मीच सुचवलं.

बेत असा होता की नंबर लपवून काकूंना फोन करायचा, दोन-चार सरकारी प्रश्न विचारायचे, आणि शेवटी त्याच आवाजात मराठीत म्हणायचं, मॅडम, काल वरणात मीठ कमी होतं. फोन स्पीकरवर ठेवला. मी नाव सांगितलं, ऑफिसर विल्सन, इमिग्रेशन. काकू म्हणाल्या, येस सर. मी विचारलं, घरातून अन्न विकता का.  मी त्या साहेबासारखा थांबलो. मागे कुकरची शिट्टी झाली आणि त्या शिट्टीला त्या इतक्या दचकल्या की ते इकडे ऐकू आलं. मी विचारलं, कुणाकुणाला विकता, नावं सांगा. त्या म्हणाल्या, नो नेम्स सर. ओन्ली मी सर. आणि फोन कट झाला.

मीठ राहिलंच. तिघं सोफ्यावर लोळत हसत होते, मीही हसलो. मग माझ्या नंबरवरून फोन लावला, खुलासा करायला. बंद. पुन्हा लावला. बंद. उद्या डबा येईल तेव्हा सांगू, काकू दोन शिव्या देतील, चार दिवस डब्यात ठेचा जास्त घालतील, असं ठरवून मी झोपलो. सोमवारी सहाला आम्ही खिडकीत उभे होतो. निळी व्हॅन आली नाही.

मंगळवारी कॉलेज सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. पडदे बंद, दारावरचा दिवा बंद, आणि ओट्यावर ऋचाची सायकल नसलेली जागा. बेल वाजवली तर आत काहीतरी पडल्याचा आवाज आला, मग काही नाही. मी दाराशी तोंड नेऊन म्हटलं, काकू, मी संतोष. साखळी न काढता दार चार बोटं उघडलं. त्या फटीत मला काकूंचा एक डोळा आणि अर्धा चेहरा दिसला. दोन दिवसांत माणूस इतकं वाळतं हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"तू इथे येऊ नको बेटा," त्या कुजबुजल्या. "घरावर नजर आहे. मी तुमचं कुणाचंच नाव नाही सांगितलं. घाबरू नको, तुला काही नाही होणार. जा आता, मागच्या रस्त्यानं जा."

इथेच सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण त्या मला वाचवत होत्या, माझ्यापासूनच, आणि ते ऐकून माझ्या जिभेचं लाकूड झालं. मी मान हलवली आणि खरोखरच मागच्या रस्त्यानं गेलो. सिडारच्या झाडांखालून चालताना एक पांढरी गाडी मागून हळू आली, तर मी झाडाआड उभा राहिलो. मीच तयार केलेल्या साहेबाला मी भीत होतो, आणि कुणी बघितलं असतं तर हसण्यासारखंच ते होतं.

घरी येऊन मी इंटरनेटवर शोधलं. सरकारी अधिकारी असल्याचं भासवणं हा या देशात मोठा गुन्हा आहे, तुरुंगाचा. विद्यार्थ्याच्या व्हिसावर असलेल्या माणसाचं काय होतं ते शोधायची गरज नव्हती. मला करमाळ्याचा एसटी स्टँड दिसला आणि स्टँडवर न्यायला आलेले वडील दिसले, ज्यांनी माझ्या ॲडमिशनचे पेढे अख्ख्या गल्लीत वाटले होते. निखिलला सांगितलं तर तो पांढरा पडला. म्हणाला, गप्प राहा, नाहीतर चौघंही जाऊ, ते थोड्या दिवसांत विसरतील. वाईट माणूस नव्हता तो. घाबरलेला होता. बुधवारी तोच बातमी घेऊन आला, की काकांची शेवटच्या राउंडची मुलाखत शुक्रवारी होती ती त्यांनी कॅन्सल केली. शनिवारी तिघंही नागपूरला चाललेत. ऋचाला शाळेत पाठवत नाहीत. सामान तसंच सोडून चाललेत.

त्या रात्री मला कुणाचाच आवाज काढता येईना. पोरांना हसवायला म्हणून प्रयत्न केला, तर घशातून नुसती हवा आली.

मीनामावशींना मी ओळखत होतो गणपतीच्या नाटकामुळे. त्यांनी मला विनोदी पोस्टमन केलं होतं. तीस वर्षं तिथे राहिलेल्या, तिथल्याच एका सरकारी शाळेत नोकरी. पोरांनी मारामारी केली की शाळेतून काढून टाकण्याऐवजी मावशी त्या पोरांना, ज्याला मारलं त्याला, दोघांच्या आयांना, सगळ्यांना गोल खुर्च्या मांडून बसवायच्या. हे त्या नाटकाच्या तालमीत सांगायच्या तेव्हा मी त्यांच्या मागे त्यांचीच नक्कल करायचो. गुरुवारी सकाळी मी बस बदलत त्यांच्या घरी गेलो आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सगळं सांगितलं. माझी अपेक्षा होती की त्या रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी गॅस बंद केला, हात पुसले आणि फोन माझ्यापुढे ठेवला.

"बाकीचं नंतर," त्या म्हणाल्या. "आधी प्रमोदला सांग की तो ऑफिसर नव्हताच. ते एक मिनिटही थांबू शकत नाही."

मी म्हटलं, मावशी, त्यांनी पोलिसांत दिलं तर? त्या म्हणाल्या, "देऊ शकतो तो. नाही देणार अशी हमी मी तुला देणार नाही. खोटी हमी दिली तर तुझ्यात आणि माझ्यात फरक काय?"

काकांनी मावशींचं नाव बघून फोन उचलला. मी एका दमात सांगितलं.  मग काका इंग्रजीत म्हणाले, ओके, आणि फोन ठेवला.  मी मावशींच्या फरशीवर बसलो. त्यांनी चहा दिला, तोही फिका लागला.

तिकिटं थांबली. मुलाखतीचं काय होईल ते कुणालाच माहीत नव्हतं, कंपनी म्हणाली कळवू. साठातले थोडेच दिवस उरले होते. मावशी त्यांच्याकडे दोनदा जाऊन आल्या, आणि रविवारी दुपारी सगळ्यांना आपल्या घरी बोलावलं. यायचं की नाही हे काकूंनी ठरवायचं, कुठल्याही क्षणी उठून जायचं असेल तर जायचं, असं त्यांनी आधीच कबूल केलं होतं. मला म्हणाल्या, माफी मागायला येऊ नकोस, ऐकायला ये. आणि त्यांचं तुझ्याकडे काही असेल तर घेऊन ये.

माझ्याकडे त्यांचा डबा होता. तीन हिरव्या ठिपक्यांचा, फोनच्या आदल्या दिवसापासून माझ्याकडेच राहिलेला. रिकामा डबा परत करायचा नाही एवढं आईनं शिकवलं होतं, आणि मला तर चहासुद्धा धड येत नव्हता. म्हणून आईच्या शेंगदाण्याच्या चटणीची जी बाटली विमानतळावरून सुटून आली होती, तिच्यातली उरलेली सगळी चटणी मी डब्यात ओतली.

सहा खुर्च्या होत्या. काका, काकू, ऋचा, मावशी, मी आणि निखिल. निखिलला यायची सक्ती नव्हती, तो आला. मावशींनी डबा हातात घेऊन सांगितलं, ज्याच्या हातात डबा तो बोलेल, बाकीचे ऐकतील, डबा पुढे गेला की पुढचा. मला तेव्हासुद्धा एक विनोद सुचला. मी तो गिळला. पहिल्यांदा डबा माझ्याकडे आला आणि मी काय घडलं ते सांगायला लागलो, तर माझ्या तोंडून हेडसरांचा आवाज यायला लागला. जड, भाषणाचा, "सदरहू प्रसंगी" वगैरे. मी तो मुद्दाम काढत नव्हतो. मावशींनी हात वर केला आणि विचारलं, हा कोण बोलतोय? मी थांबलो. मग जो आवाज आला तो फार बारीक होता, सातवीतल्या पोराचा असतो तसा, आणि तो मी बरीच वर्षं ऐकला नव्हता. त्या आवाजात मी सांगितलं. कुणाला फोन करायचा ते मीच सुचवलं, हेही सांगितलं. निखिलनं खाली मान घातली.

काकांनी डबा मांडीवर ठेवला आणि सरळ माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "तुझ्या डीनला मी मेल लिहिलीय. नाव, तारीख, वेळ, सगळं आहे. ड्राफ्टमध्ये ठेवलीय. पाठवणार नाही असं मी म्हणत नाही." मग बराच वेळ डब्याच्या कडीशी खेळत राहिले. ते वीस वर्षं प्रोग्रॅम लिहिणारे गृहस्थ, त्यांना आवाज चढवायची सवय नव्हती. ऋचानं डबा घेतला, स्वतः काढलेल्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "यू मेड माय मॉम हाइड इन द गराज." एवढंच बोलून तिनं डबा पुढे केला. आजवर मला कुणीही दिलेल्या शिव्यांत त्या वाक्याइतकी लागलेली शिवी नाही.

काकूंनी डबा उघडला. चटणीचा वास खोलीभर झाला. त्यांनी ती चाखली नाही, झाकण परत लावलं.

"खोटं होतं हे कळलं मला," त्या म्हणाल्या. "गुरुवारीच कळलं. पण भीतीला कोण सांगेल? फोन वाजला की माझे हात थंड पडून राहिले. परवा यांच्या कंपनीचा फोन आला, तो मी उशीखाली दाबून ठेवला. कळते का तुला? ज्या फोनची वाट बघून राहिलो तोच मी दाबून ठेवला." त्यांनी डब्याचं झाकण पुन्हा दाबलं. "तू माझी नक्कल करायचा तेव्हा मला केवढं बरं वाटायचं रे. आता तू बोलतो तरी मी शोधते, यातला कोणता आवाज त्या ऑफिसरचा आहे."

मावशींनी विचारलं, वैशाली, तुला याच्याकडून काय हवंय? मला वाटलं त्या म्हणतील, काही नको, तोंड दाखवू नको. काकूंनी डबा मांडीवरून खाली ठेवला. मग म्हणाल्या, यानं मला दर रविवारी अकरा वाजता फोन करायचा. स्वतःच्या नंबरवरून, स्वतःच्या आवाजात, स्वतःचं नाव सांगायचं. मी उचलणार नाही. तरी करायचा. मला तो फोन वाजताना ऐकायचाय, जोपर्यंत हात थंड पडायचे थांबत नाहीत. किती रविवार ते मला माहीत नाही.

मी हो म्हटलं. मावशींनी ते एका कागदावर मराठीत लिहिलं आणि आम्ही दोघांनी सही केली. घरी येताना निखिल बसमध्ये म्हणाला, सुटलास स्वस्तात. मला तसं वाटत नव्हतं, पण मी वाद घातला नाही.

पहिल्या रविवारी अकराला दहा कमी असताना मी फोन हातात घेऊन बसलो. रिंग सहा वेळा वाजली, मग ऋचाचा रेकॉर्ड केलेला आवाज, प्लीज लीव्ह अ मेसेज. मी म्हटलं, काकू, मी संतोष बोलतोय, करमाळ्याचा, आणि पुढे काय बोलायचं ते न सुचून ठेवून दिला. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी रिंग वाजत असताना मला एकदम दिसलं, की या क्षणी पलीकडे काकू फोनकडे बघत उभ्या आहेत आणि त्यांचे हात थंड आहेत, आणि तो मीच वाजवतोय. फोन ठेवावासा वाटला. पण ठेवायचा नाही हेच तर ठरलं होतं. कधी परीक्षेच्या दिवशी, कधी ताप असताना, एकदा सिअ‍ॅटलच्या फेरीबोटीच्या डेकवरून वाऱ्यात ओरडत. हळूहळू मी एखादं वाक्य जास्त बोलायला लागलो, आज भात करपला, आज प्रोफेसरनं पार्डन विचारलं नाही. उत्तर कधीच नाही. मध्ये निखिलकडून कळलं, त्याच कंपनीनं काकांना पुन्हा बोलावलं आणि साठ दिवस संपायच्या आधी घेतलंही. आनंद झाला, पण विल्सनचा फोन व्हायच्या आधी केला असता तसा आनंद करता आला नाही. ड्राफ्टमधली मेल रोज डोक्यात असायची. कॉलेजच्या ऑफिसातून कुठलंही पाकीट आलं की मी ते उघडण्याआधी खाली बसायचो.

आता माझी तिशी उलटली, मी या देशात नोकरी करतो, टक्कल पडलंय. पार्ट्यांत अजून लोक म्हणतात, संतोष, एखादा आवाज काढ ना. मी हेडसर काढतो, लताची गाणी गुणगुणणारी आमची शेजारीण काढतो. तो एक आवाज काढत नाही. हल्ली बातम्यांत रोज दारं ठोठावल्याचं ऐकतो, आमच्याच भागात अशी घरं आहेत जिथे बेल वाजली की आतले लोक श्वास धरतात, आणि मला प्रत्येक वेळी साखळीच्या मागचा तो एक डोळा आठवतो. मीनामावशी आता नाहीत. त्यांची ती सही केलेली चिठ्ठी माझ्याकडे आहे.

किती रविवार झाले होते ते मोजायचं मी सोडलं होतं. बाहेर झाडांना कोवळी पानं आली होती एवढं आठवतं. अकरा वाजले, मी फोन लावला, दोन रिंग झाल्या आणि तिसरीला उचलला गेला. मी इतका गोंधळलो की नाव सांगायचं विसरलो. पलीकडून सपाट आवाज आला, इंग्रजीत. आयडेंटिफाय युअरसेल्फ. आणि मग तो आवाज थांबला. तो तसाच थांबला, वाक्य संपल्यावर, जसा मी बसवला होता तसा.

माझे हात थंड पडले. खरंच पडले, बोटांच्या टोकांपासून वर.  मला माहीत होतं की हा काकूंचा फोन आहे, माहीत होतं की त्याच बोलत असणार, आणि तरी माझ्या तोंडून येस सर बाहेर पडलं. "संतोष," मी म्हटलं, "संतोष, करमाळा." बारीक आवाजात.

 पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली. कुणी दचकलं नाही.

"असं झालं होतं मला," काकू म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी अकरा वाजता मी पुन्हा फोन केला. ठरलं होतं तसं. पहिल्याच रिंगला उचलला.